गोदेच्या पुरातला गाळ

[दृश्य: नाशिक. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलेलं पाणी.]

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर घाटावर गोळा होतात. पाणी किती चढलं, एवढंच सगळे बघतात. आपण आज त्याचा रंग बघू. घट्ट चहासारखा.

मातीचा कण पाण्याच्या अडीचपटीहून जड. मग तो तळाला का जात नाही?

[दृश्य: काचेच्या ग्लासात नदीचं पाणी.]

हेच पाणी ग्लासात धरलं, तर बारीक वाळू बघता बघता खाली बसते. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यातच. १८५१ साली जॉर्ज स्टोक्सनं याचं गणित मांडलं: कण दहापट बारीक, तर पडण्याचा वेग शंभरपट कमी. स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला ०.१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे दोन मिनिटं लागतात, ०.०१ च्या कणाला तीन तास आणि ०.००१ च्या कणाला जवळजवळ तेरा दिवस!

[दृश्य: पुलाखाली उसळणारे भोवरे.]

पण पुरात वाळूसुद्धा वर दिसते. कारण हे पाणी घुसळत वाहतं. एक लोट वर उसळतो, तेवढंच पाणी दुसरीकडे खाली जातं. म्हणजे फिट्टंफाट व्हायला हवी. होत नाही. तळाजवळचं पाणी जास्त गढूळ असतं. वर येणारा लोट गाळ भरून आणतो, खाली जाणारा त्यामानानं रिता जातो. रहाटाची गाडगीच म्हणा ना. कण पडायचा थांबत नाही, भोवरे त्याला पुन्हा पुन्हा उचलतात.

[दृश्य: नाथसागराचं रुंद, संथ पाणी.]

जायकवाडीच्या फुगवट्यात नदीची चाल मोडते. वाळू तोंडाशीच पडते, पोयटा थोडा पुढे. चिकणमाती धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊ शकते.

[दृश्य: पितळी हंडा. पाण्यात फिरणारी तुरटी.]

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि भराभर खाली बसतात. मग वरचं निवळलेलं पाणी अलगद काढून घ्यायचं. हंड्याला धक्का लागला, तर तळाचं सगळं पुन्हा वर.