फोनमधली जागा आणि मावशीचे फोटो

नमस्कार श्रोतेहो. फोनमध्ये जागा शिल्लक नसल्याची सूचना आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिली आहे, आणि ती बहुधा घरात कार्य असताना, फोटो काढायला फोन उचलला की येते. अशा वेळी घाईने पुसलेले पुष्कळदा परत मिळत नाही. म्हणून जागा मोकळी करताना काय आधी पुसायचे आणि कशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, याविषयी आज मला बोलायचे आहे.

माझी मावशी सासवडला राहते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, तेव्हा तिच्या ओसरीवर दोन दिवस वारकऱ्यांच्या पंगती उठतात. गेल्या वर्षी एक दिंडी नेमकी दारात येऊन थांबली, टाळ-मृदंगाचा गजर सुरू झाला, मावशीने फोन काढला आणि जागा नसल्याची सूचना आली. तिने गुगल फोटोज उघडले, खाली सरकत जुन्या फोटोंपर्यंत गेली आणि एका संपूर्ण वर्षाचे फोटो निवडून पुसून टाकले. त्यांची प्रत गुगलच्या खात्यात आधीच गेलेली आहे, तेव्हा येथून पुसले तरी तेथे राहतील, अशी तिची समजूत होती. ती समजूत चुकीची होती. त्या ॲपमधून पुसलेला फोटो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही जातो. पुन्हा सांगतो, दोन्हीकडून जातो.

त्या वर्षाच्या फोटोंमध्ये काकांची शेवटची वारी होती. गळ्यात वीणा घेतलेले, पावसात भिजलेले काका त्यानंतर वारीला जाऊ शकले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. फोटो दिसेनासे झाल्याचे मावशीच्या ध्यानात आले, परंतु तिने ते कोणालाही सांगितले नाही. आपल्याच हातून झाले, आता बोलून काय उपयोग, असे तिला वाटत राहिले.

नारळी पौर्णिमेला मी सासवडला गेलो. नारळीभात वाढता वाढता तिने ही हकिकत सांगितली, आणि मी पानावर बसल्या बसल्याच दिवस मोजले. मावशीने फोटो पुसले त्या ज्येष्ठ वद्य द्वादशीपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत साधारण 48 दिवस होतात. ज्या फोटोंची प्रत खात्यात गेलेली असते, ते पुसल्यानंतर त्या ॲपच्या कचरापेटीत 60 दिवस राहतात. प्रत गेलेली नसेल तर 30 दिवसच. आम्ही ‘ट्रॅश’ उघडले. सगळे फोटो तेथे होते. एकेक निवडून आम्ही ते परत आणले, आणि वीणेचा फोटो आला तेव्हा मावशीने माझ्या हातून फोन घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. ही गोष्ट तिने गणपतीत सांगितली असती, तर मुदत टळून गेली असती.

तो फोटो मी दुसऱ्याच दिवशी छापून आणला. वर्षाला निदान दहा फोटो प्रत्येक घराने कागदावर छापून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी लग्नाचा अल्बम दिवाणखान्यात असे आणि येणारा-जाणारा तो उघडून पाहत असे, तो रिवाज आपण फार लवकर सोडला.

आता क्रम सांगतो. सर्वांत आधी व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवतात. सुप्रभाताची चित्रे आणि एकच व्हिडिओ चार गटांतून चारदा आलेला, हे सारे तेथेच सापडते. मात्र जिवलगांचे आवाजी निरोप आधी ‘स्टार’ करून ठेवावेत, आणि गप्पा साफ करताना स्टार केलेले पुसायचे नाहीत हा पर्याय पाहून घ्यावा. त्यानंतर आपोआप डाउनलोड होणे बंद करावे, म्हणजे महिन्याभरात पुन्हा तीच वेळ येणार नाही.

ॲपची ‘कॅशे’, म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स, निर्धास्तपणे पुसता येते. तिच्याच शेजारी ‘डेटा’ पुसण्याचे बटण असते. ते दाबल्यास ॲपमधील नोंदी जाऊ शकतात. कॅशे पुसावी, डेटा पुसू नये.

फोटो शेवटी. गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ असा स्वतंत्र पर्याय आहे. तो प्रत गेलेले फोटो केवळ फोनमधून काढतो आणि खात्यात ठेवतो. मावशीला त्या दिवशी हेच हवे होते. मोफत खात्यात 15 जीबी जागा मिळते आणि त्यातच ईमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो, त्यामुळे व्हॉट्सॲप आधी झाडले की फोन आणि खाते दोन्हींवरचा भार एकदमच उतरतो. नमस्कार.