फोटोतली 'माई' नेमकी कोणती?

नमस्कार मंडळी. हा फोटो जरा कॅमेऱ्याजवळ धरतो. काळा-पांढरा, नागमोडी कडांचा. मागे शाईनं लिहिलंय, 'माई, बापू आणि मंडळी. गणपती.' झालं! आमच्या घराण्यात माई तीन. आणि गणपती काय, दरवर्षीच येतात.

फोटोवर नातं लिहिलं की हा घोळ होतोच. माझी आजी ती माझ्या मुलीची पणजी. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव आणि लग्नात मुलीचं नाव बदलायचं. आनंदीबाई जोशींचंच घ्या. जन्मनाव यमुना, लग्नानंतर आनंदी. 1885 सालचा त्यांचा अमेरिकेतला फोटो तुम्ही पाहिला असेल, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली यांच्याबरोबरचा. खाली तिघींची नावं आणि गावं आहेत, म्हणून आज कोण कोण ते सांगता येतं. नाहीतर 'कॉलेजातल्या मैत्रिणी' एवढंच उरलं असतं.

मग करायचं काय? एक साधी वही घ्या. प्रत्येक माणसाचं एकच नाव ठरवा: स्वतःचं, वडिलांचं, जन्माचं आडनाव. बाईचं असेल तर पुढे सासरचं पूर्ण नाव, मग हाक मारायचं नाव, शेवटी जन्मसाल. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असले तर ह्या सालावरूनच सुटका होते. फोटो स्कॅन केलात की वहीतलं नाव त्या फाईलला जसंच्या तसं द्यायचं. 'कुलकर्णी' एकदा दीर्घ आणि एकदा ऱ्हस्व लिहिलंत, तर सर्चच्या लेखी ती दोन वेगळी घराणी.

फाईलच्या नावात फोटो काढल्याचं साल आधी, म्हणजे फोटो आपोआप क्रमानं लागतात. लग्नाच्या फोटोचं साल माहीत नसेल तर जुनी लग्नपत्रिका शोधा. तिच्यावर शके असतं, त्यात 78 मिळवा. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचं लग्न असेल तर 79. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवलात तर एवढ्या मेहनतीनं दिलेलं नाव वाटेतच गळून पडतं.

मूळ फोटोवर बॉलपेन अजिबात नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हातानं. गुळगुळीत कागदावर ती उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. पण फोटो आत घालण्याआधी!

तर ही माई कोणती? आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, थोरल्या माई कधी फोटोला उभ्याच राहायच्या नाहीत, आणि धाकटी तेव्हा माहेरी होती. ही मधली." लिहून टाकलं. तिच्या कडेवरचं टोपडं घातलेलं पोर मात्र आत्यालाही ओळखू येईना. तिथे सध्या प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.