परतलेल्या माणसाची खोली

मंडळी, पत्रिकेत विषय ‘व्यसन आणि मेंदू’ असा छापलाय. मेंदूकडे येतेच. पण आधी ‘मनावर घे’ या दोन शब्दांबद्दल बोलू द्या. हे शब्द घरात कुणाला तरी कधी ना कधी ऐकवलेत, असे किती जण आहेत इथे? हात वर करा. माझाही आहे.

माझा मावसभाऊ गर्द ओढायचा. एकदा त्यानं घरच्या घरी सोडायचं ठरवलं. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, पाहिलेल्यांना सांगायला नको : हाडं ठणकतात, नाक-डोळे गळतात, जुलाब, उलट्या, झोप नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसून एकच सांगायचा, मनावर घे रे. सातव्या दिवशी तो मला म्हणाला, “ताई, रात्री मनावर घेऊनच झोपतो. पहाटे अंग फुटायला लागलं की कुठलं मन?”

पुढे तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. तीन महिन्यांनी आला तेव्हा गाल भरले होते, आवाज मोकळा झाला होता. मावशीनं त्याची जुनी खोली आवरून ठेवली. आम्ही सगळ्यांनी प्रेमानं त्याला तिथेच पाठवलं. त्या खिडकीतून तो कोपरा दिसायचा, जिथे तो मालाची वाट बघत उभा राहायचा. आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यानं पूर्वीइतकंच घेतलं आणि त्याचा श्वास थांबला. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ म्हणाले, मनावर घ्यायला हवं होतं त्यानं. मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मेंदू.

गर्दसारखा अफूच्या जातीचा पदार्थ रोज घेतला की शरीर त्याला सरावतं, डोस वाढतो. काही आठवडे बंद ठेवला की हा सराव उतरतो. पण तलफ उतरत नाही. ओळखीची जागा, ओळखीचा माणूस दिसला की मेंदू जुनीच मागणी करतो. जुन्या मापानं घेतलेला डोस मग श्वास चालवणारं केंद्रच दाबून टाकतो. म्हणून केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. नॅलॉक्सोन हे अशा पदार्थांचा परिणाम उलटवणारं औषध वेळेत दिलं तर तो श्वास परत येऊ शकतो.

व्हिएतनाममधून 1971 मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास संशोधक ली रॉबिन्स यांनी केला. जवळपास पाचातला एक जण तिथे आपल्याला अफू-हेरॉइनचं व्यसन लागलं होतं असं सांगत होता. त्यांच्यातले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेले ते 5 टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यांनीच मनावर घेतलं नव्हतं का? ते रणांगण, ती भीती, ती सोबत, तो सहज मिळणारा माल मागे राहिला होता. नुसती जागा बदलून सगळ्यांचं सुटतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या भावाला आम्ही परत त्याच खिडकीशी नेऊन बसवलं.

आणखी दोनच गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टर लागतात. आणि गर्दसारख्या व्यसनावर डॉक्टर देतात ती मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्याला ‘एक सोडून दुसरं धरलं’ असं हिणवू नका. त्या औषधांनी मृत्यू कमी होतात.

ज्यांच्या घरी या महिन्यात कुणी केंद्रातून परतणार आहे, त्यांनी जाऊ नका. मी खाली पायऱ्यांपाशी थांबते. तो कुठल्या खोलीत झोपणार, तिथून सुरुवात करू.