पऱ्हाटीला भेंडीची पानं

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, शेंडा भेंडीसारखा दिसू लागला, की माझ्याकडे फोन येतात. "रोग आला, कोणतं औषध मारू?" मी आधी उलट विचारतो, "पंप कुठून आणला होता?"

माझ्या स्वतःच्या शेतातही हे घडलं आहे. ज्वारीतल्या टारफुला तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्यानं विसळला आणि त्यातूनच पऱ्हाटीवर मावा-तुडतुड्याचं औषध फवारलं. आठवड्याभरात नवी पानं अरुंद, बोटांसारखी फाटलेली निघाली आणि शिरा एकमेकींना चिकटल्या. पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळताना बघून जीव कासावीस झाला.

टू-फोर-डी हे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. ज्वारी, गहू, ऊस ही गवतवर्गीय पिकं ते सोसतात. पऱ्हाटी मात्र कमालीची नाजूक, तिला पंपाच्या नळीत उरलेला अंशही पुरतो. रस ज्या कोवळ्या भागाकडे धावतो तिकडेच हे रसायन जातं, म्हणून आधी पूर्ण उमललेली जुनी पानं तशीच राहतात आणि वेडंवाकडं होतं ते शेंड्याचं. शेजाऱ्याच्या वावरातून वाऱ्यानंही ते येतं. एस्टर प्रकारातलं टू-फोर-डी तर भर उन्हात वाफ होऊन धुरा, म्हणजे बांध, ओलांडतं.

अशा वेळी बुरशीनाशकावर पैसे घालू नका. बिघडलेले शेंडे खुडा आणि युरियाची हलकी फवारणी करा. मात्रा किती होती यावर झाड किती सावरेल ते अवलंबून असतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं खूण करा. हे मी हात जोडून सांगतो, कारण रबरी नळी आणि वायसरमध्ये मुरलेलं औषध एका विसळणीनं निघत नाही. दुसरा पंप घेणं जमतच नसेल, तर धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवा, नळी-नोझलमधून तेच पाणी सोडा, मग तीनदा धुवा. ते पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

टू-फोर-डी ओल्या, उबदार मातीत जिवाणू लवकर मोडतात. मक्यातल्या ॲट्राझिन या तणनाशकाची गोष्ट वेगळी. मका ते स्वतःच्या पेशीत निकामी करतो, पण मातीत ते महिनोन् महिने टिकू शकतं. पाऊस कमी झाला की जिवाणू थंडावतात, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते आणखी रेंगाळतं. मग मक्यामागून लावलेला भाजीपाला किंवा कडधान्य पिवळं पडतं. इथे खूण उलटी असते. औषध मुळातून पाण्याबरोबर वर चढतं, म्हणून खालची, जुनी पानं आधी कडेनं पिवळी होऊन करपतात, शेंडा मात्र हिरवा दिसतो.

रानात अंश उरलाय का, हे घरीच पाहता येतं. वावरात पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून एका कुंडीत भरा. दुसऱ्या कुंडीत कधीच न फवारलेल्या जागेची माती घ्या. दोन्हींत काकडी आणि मोहरी पेरा, सारखंच पाणी द्या. उगवण दोन्हीकडे चांगली झाली म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. रोप पहिले काही दिवस बियाण्यातल्या शिदोरीवरच जगतं, म्हणून तीन आठवडे थांबा आणि मग खालची पानं शेजारी-शेजारी धरून बघा.