मूस नसलेली भट्टी

नमस्कार, श्रोतेहो. वितळलेला धातू ठेवायचा कशात? टायटॅनियम 1668 अंश सेल्सिअसला वितळतं आणि ज्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, असेल तिच्यातलाच ऑक्सिजन ओढून घेतं. मग गुणधर्म मोजायचे कुणाचे, धातूचे की त्यात शिरलेल्या मुशीचे?

मूस काय करते, ते मी लहानपणी अंबाजोगाईच्या सराफ्यात पाहिलं. मोडक्या एकदाणीतून आजीला ताईसाठी डूल करून घ्यायचे होते. डोळ्यांदेखत आटवा, ही तिची अट. कारागीरकाकांनी सोनं मुशीत टाकलं, वर टाकणखाराची चिमूट, फुंकणीनं ज्योत वळवली. मणी लाल झाले, एकमेकांत मिसळले आणि एक गोळा होऊन थरथरायला लागले. साच्यात ओतलं, तोललं, तर गुंजभर घट!

“गेलं कुठं?” आजी म्हणाली.

काकांनी मूस खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. आत काचेसारखा थर, त्यात सोन्याचे बारीक कण रुतलेले. “माय, मुशीनं धरून ठेवलं बघा.”

आजी हलली नाही. मूस फोडायला लावली, कुटायला लावली, कण तोलात धरायला लावले, तेव्हाच उठली. माझं तर ठाम मत आहे, शाळेच्या सहली रिसॉर्टवर नेण्यापेक्षा सराफ्यात न्याव्यात. झारेकऱ्याला दुकानातल्या केरातून सोनं काढताना पाहिलेलं पोर धातू विसरत नाही.

सोनं नुसतं चिकटतं, टायटॅनियम मुशीशी रासायनिक क्रिया करतं. म्हणून मूसच नको, थेंब अधांतरी धरायचा. खालून वायूचा झोत सोडून दोन-तीन मिलिमीटरचा मणी तरंगवतात आणि लेझरनं तापवतात. किंवा मण्याला विद्युतभार देऊन विद्युतक्षेत्रात धरतात. जपाननं अशी भट्टी अंतराळ स्थानकातल्या आपल्या किबो प्रयोगशाळेत बसवली आहे. तिथे वजन जाणवत नाही, म्हणून अगदी थोड्या बळात मणी जागेवर राहतो.

मग थेंबाला मुद्दाम थरथरवायचं. थरथर किती वेगानं होते, त्यावरून पृष्ठताण कळतो. ती किती लवकर शमते, त्यावरून चिकटपणा. पुन्हा सांगते: वेगावरून पृष्ठताण, शमण्यावरून चिकटपणा.

आणखी एक. थिजायला सुरुवात करून देणारी मुशीची भिंतच नसल्यामुळे काही धातूंचा थेंब गोठणबिंदूच्या शेकडो अंश खाली जाऊनही पातळच राहतो. मग एकदम थिजतो आणि थिजताना बाहेर पडलेल्या उष्णतेनं लख्ख उजळतो. त्या उजळण्याच्या आधी, तो पातळ असतानाच, कॅमेऱ्यातल्या त्याच्या आकारावरून घनता काढून घेतात.