बर्गी पुजोला आले!

(मंडळाच्या शारदीय मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी,

लंडनला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात शेजारच्या बौदी, म्हणजे आपल्या भाषेत वहिनी, मला त्यांच्या दुर्गापूजेला घेऊन गेल्या. दारात एक आजोबा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन बसले होते. मी महाराष्ट्रातली आहे हे कळताच त्यांनी आत वळून हाक दिली, "सांभाळा रे, बर्गी आले!" हॉल हसला. मला विनोद कळलाच नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात राघोजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या दोन ओळींत संपतात. तिकडे बंगालात मात्र बारगिराचा, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या मराठा स्वाराचा, 'बर्गी' झाला आणि अंगाईगीतात जाऊन बसला. पोरं झोपवायला अजून आपलंच नाव घेतात!

त्या आजोबांकडून मग बरंच ऐकलं. लंडनमधला पहिला सार्वजनिक दुर्गोत्सव १९६३ सालचा. मराठी माणसाचं मंडळ इथे १९३२ पासून आहे, तेव्हा वयाने आपण थोरले. पण पाच दिवसांची पूजा मांडायची म्हणजे मूर्ती हवी, पुरोहित हवा, ढाक म्हणजे मोठा ढोल हवा, भोगाची खिचडी शिजवायला भलीमोठी पातेली हवीत, आणि धुनुचीचा, म्हणजे मातीच्या धूपपात्राचा, धूर चालवून घेणारा हॉल हवा. हा शेवटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आरतीच्या वेळी एकाचं सगळं लक्ष देवीपेक्षा छतावरच्या धोक्याच्या घंटेकडे असतं.

मूर्तीचं सांगते. कुमारटुलीहून, म्हणजे कोलकात्यातल्या मूर्तिकारांच्या वस्तीतून, ती महिनोन्महिने आधी जहाजाने निघते. माती जड आणि वाटेत तडकायची भीती, म्हणून शोला किंवा फायबरग्लास. शोला म्हणजे दलदलीत उगवणाऱ्या झाडाचा पांढरा, हलका गाभा. एवढा खर्च करून आणलेली मूर्ती दरवर्षी कोण बुडवणार? पूजा झाली की ती खोक्यात जाते आणि पुढची काही वर्षं तीच बाहेर निघते. "मग विसर्जन?" मी जरा आगाऊपणेच विचारलं. आजोबा म्हणाले, दशमीला पुरोहित पाण्याच्या भांड्यात आरसा ठेवतो, त्यात देवीचं प्रतिबिंब पाहायचं, तेच विसर्जन. ही काही परदेशातली पळवाट नव्हे. खुद्द बंगालमध्येही मूर्ती नदीवर न्यायच्या आधी हे दर्पण-विसर्जन होतंच. २००६ साली मात्र ब्रिटिश म्युझियममध्ये कारागिरांनी बांबू, पेंढा आणि मातीची दुर्गा घडवली आणि ती पटनीला थेम्समध्ये खरोखरच विसर्जित केली. ते सांगताना आजोबांचा आवाज जरा जड झाला होता.

तिथीचा वाद आपल्यालाही नवा नाही. गणपती चतुर्थीला बसवायचे की शनिवारी, यावर आपल्या किती बैठका झाल्या ते इथल्या माजी चिटणीसांना विचारा. अमेरिकेतले बंगाली बहुधा पाच दिवस शनिवार-रविवारात कोंबतात. लंडनची जुनी मंडळं तिथी धरून आहेत. पण गंमत अशी, की शरदातली दुर्गापूजा मुळातच 'अकाल बोधन' मानली जाते. देवीची खरी वेळ वसंतात. रावणाशी लढायच्या आधी रामाने तिला अवेळी जागं केलं, असं कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात आहे. रामालाच सवड नव्हती, तर नोकरदारांनी काय करावं!

एक गोष्ट मात्र माझ्या अजून पचनी पडलेली नाही. आपले नवरात्राचे उपास चालू, हातात साबुदाण्याचा डबा, आणि मंडपाबाहेर मटणाचा रस्सा! देवी माहेरी आली म्हटल्यावर लेकीला उपाशी ठेवायचं का, असं बौदींचं म्हणणं.

आता बर्गींकडे येते. सन १७४२. राघोजींचा दिवाण भास्करराम कोल्हटकर, ज्याला बंगाली लोक भास्कर पंडित म्हणतात, पावसाळ्यात बंगालमधल्या काटव्याजवळ अडकला. घर लांब, नवरात्र आलेलं. त्याने जवळच्या दाइहाटला थाटात दुर्गापूजा मांडली. जमीनदारांकडून वर्गणी घेतली. वसुलीची पद्धत आपल्या खजिनदारांपेक्षा जरा कडक होती, इतकंच. आणि नवमीच्या पहाटे, २७ सप्टेंबरला, बंगालचा नवाब अलिवर्दीखान नदी ओलांडून झोपलेल्या छावणीवर चालून आला. भास्करराम निसटला. पूजा अर्धीच राहिली.

म्हणजे घरापासून लांब दुर्गापूजा मांडणाऱ्यांत आमचाही नंबर आहे, असं मी पुढच्या वर्षी आजोबांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. दुपारी भोगाच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा वाढायला तेच उभे होते. पत्रावळीवर खिचडी, लाब्रा म्हणजे मिश्र भाजी, टोमॅटोची चटणी वाढली, मग वर आणखी एक डाव खिचडी घातली.

"ही कशाला?"

"नवमीची," ते म्हणाले. "दाइहाटची राहिली होती ना तुमची."