चर्चगेटमधलं चर्च कुठंय?

श्रोतेहो, नमस्कार. 'पुढील स्टेशन चर्चगेट' हे लोकलमध्ये रोज कानावर पडतं. पण तिथं उतरून कधी चर्च शोधलंय? ते स्टेशनापासून चांगलं पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. हुतात्मा चौक ओलांडून वीर नरिमन रस्त्याने सरळ चालत राहा. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे पांढरा मनोरा दिसेल. हे सेंट थॉमस कॅथेड्रल. मुंबईच्या कोटाचा एक दरवाजा या चर्चच्या वाटेवर होता, म्हणून तो चर्चगेट. १८६०च्या दशकात कोट पडला, दरवाजाही गेला. नाव तेवढं उरलं आणि पुढे स्टेशनाला मिळालं.

कामं रखडण्याची मुंबईची खोड फार जुनी बरं का! गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने सतराव्या शतकात या चर्चचा पाया घातला, १६७७ साली तो वारला आणि अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षं तशाच उभ्या राहिल्या. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने वर्गणीसाठी कंबर कसली आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ मध्ये मुंबईला अँग्लिकन बिशप मिळाला, तेव्हा हे चर्च कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च झालं. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

आत गेलात की चालताना जरा लक्ष द्या. मूळ भाग साधा, जाड भिंतींचा. वेदीकडे मात्र नंतर वाढवलेलं गॉथिक काम, टोकदार कमानी आणि रंगीत काचा. मला विचाराल तर खरी गंमत भिंतींवरच्या संगमरवरात आहे. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर, बनारस आणि काठियावाडातली बालहत्या बंद झाल्याची नोंद कोरलेली आहे. बाहेरचं कारंजं गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने आखलं, तेही हिंदुस्थानात पाऊल न ठेवता! पैसे दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनींनी.

आणि एक. ब्रिटिश काळात मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजत. त्याचे मैलाचे दगड परळ-दादरकडच्या फुटपाथांवर आजही आहेत. रोमन आकडा आणि खाली सेंट थॉमसचं नाव. काही दगड मधल्या काळात पेव्हर ब्लॉकमध्ये गळ्यापर्यंत बुडाले होते. दादरला बसची वाट बघताना पायाशी एखादा दगड दिसला, तर त्यावर बॅग ठेवण्याआधी आकडा वाचून बघा.